मुखरूभाऊ पोटाचा नाच पाहायला जातो

मुखरूभाऊला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो बाई होता. मी पाचेक वर्षांचा असेन. आमच्या गावच्या दंडारीत, म्हणजे रात्रीच्या लोकनाट्यात, हिरवं लुगडं नेसून तो गवळण नाचत होता आणि मी आईला विचारलं होतं, ही कोणाची सून? दुसऱ्या दिवशी तीच सून धोतर खोचून आमच्या बांधीत धानाचे भारे उचलताना दिसली. तेव्हापासून जगाविषयी माझा जो गोंधळ सुरू झाला, तो बारावीपर्यंत शिकूनही निस्तरलेला नाही.

आता मुखरूभाऊ अठ्ठेचाळीसचा आहे. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रावर तो रोजंदारीने जातो. कधी रोवणी, कधी कापणी, कधी नुसतं दिवसभर पाखरं हाकणं. आणि चौदाव्या वर्षापासून तो आमच्या दंडार मंडळाचा नाच्या आहे, म्हणजे बाईच्या वेषात नाचणारा. दिवसभर वाकून काम केल्यावर संध्याकाळी कंबर लचकवायची म्हणजे काय, हे त्याच्या कंबरेलाच ठाऊक. त्याचा डावा गुडघा नाचताना कटकट वाजतो. खुशाल म्हणतो, भाऊच्या गुडघ्याला वेगळं मानधन द्या, तोही साथ करतो. खुशाल माझा दोस्त, सायकलचं दुकान चालवतो आणि मंडळात झांजा वाजवतो. मी मंडळाच्या पाट्या रंगवतो आणि नट विसरले की पडद्यामागून वाक्यं सांगतो. आमचे नट नेहमीच विसरतात. त्यामुळे मंडळात सगळ्यात जास्त मीच बोलतो, पण अजून कोणी टाळी दिलेली नाही.

ही गोष्ट यंदाची, श्याऐंशी सालची. आमच्याकडे माघात शंकरपट भरतो. दिवसभर बैलांच्या जोड्या पळतात आणि दिवस मावळला की दंडार. आदल्या वर्षी मुखरूभाऊची गवळण रंगात असतानाच अर्धे लोक घोंगड्या झटकून उठले आणि शेजारच्या गावी गेले. तिथे नागपूरहून खरी बाई नाचायला आली होती. त्याच दिवशी मंडळाचे अध्यक्ष बापूराव यांची जोडी शर्यतीत तिसरी आली. एका दिवसात दोन अपमान. बैल हरले याचं खापर बापूरावांनी गाडी हाकणाऱ्यावर फोडलं आणि लोक उठून गेले याचं मुखरूभाऊवर.

यंदा पौषात सिंदेवाहीला बाजाराच्या मैदानात एक तंबू उतरला. त्याची जाहिरात रिक्षातून आमच्या गावापर्यंत आली. मिस नूरी, खास मिस्र देशाहून, बेली डान्स, रोज पाच खेळ. बापूरावांनी मला बोलावून अर्थ विचारला. मी सांगितला, मिस्र म्हणजे इजिप्त आणि बेली म्हणजे पोट. ते बराच वेळ स्वतःच्या पोटाकडे पाहत राहिले. मग त्यांनी ठरवलं की आपण जाऊन पाहायचं, आणि बाई चांगली असली तर शंकरपटाला तिलाच आणायचं. जाणार कोण? ते, मी, खुशाल. आणि मुखरूभाऊ.

"तू पाह्यजेच मुखरू," बापूराव म्हणाले. "आमाले नाचातलं का समजते? तू सांग कशी हाये ते. चांगली निंगाली तर ठरवून टाकू. नाई तर यंदाही तूच हायेस."

माणसाला त्याची जागा घेणारी पसंत करायला न्यावं, आणि वर त्याचं मत विचारावं, हे बापूरावांना अजिबात विचित्र वाटलं नाही. मुखरूभाऊलाही वाटलं नसावं. त्याने केंद्रावर सुट्टी टाकली. घरी त्याच्या बायकोने, गिरजाबाईंनी, त्याला धुतलेला सदरा काढून दिला आणि विचारलं, पोरगी पाहाले चालला का सवत?

बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. अर्धा रस्ता गेला. मग हळूच म्हणाला, "बाबू, ती खराब निंगाली तर बरं होईन, असं मनात येऊन राह्यलं."

मी म्हटलं, हे स्वाभाविक आहे.

"तू पुस्तकातलं नोको बोलू," तो म्हणाला आणि खिडकीला डोकं टेकून झोपला.

आम्ही तीनचा खेळ गाठला. तंबू ठिगळांचा होता. बाहेरच्या फलकावर रंगवलेली नूरी आणि तिच्यामागे दोन उंट. रंगाऱ्याने उंट पाहिलेले नव्हते, हे मला एका नजरेत कळलं, कारण मीही पाहिलेले नाहीत आणि मीही तसेच काढले असते. आत पुढच्या रांगेत रॉकेलचे रिकामे डबे उलटे मांडून त्यावर पोती टाकली होती, तो पहिला वर्ग. बापूराव अध्यक्ष असल्यामुळे आम्ही पहिल्या वर्गात बसलो. मागे दोनेकशे माणसं बांबूच्या तट्ट्यांवर. जनरेटर धडधडत होता, लाऊडस्पीकरवर कॅसेट लागली, आणि मिस नूरी आली.

ती पस्तिशीची असावी. कमरेला नाण्यांचा पट्टा, डोक्याला चमकीची ओढणी. ज्या पोटासाठी आम्ही तीन कोस आलो होतो, त्यावर अंगाच्या रंगाचं कापड शिवलेलं होतं आणि डाव्या बाजूला त्याची शिवण उसवली होती. तरी मंडळींनी शिट्ट्या मारल्या. बापूरावांनी उपरणं सारखं केलं. खुशालने तर चष्मा पुसला, आणि त्याला चष्मा लागतो हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही सगळे पोट पाहत होतो. मुखरूभाऊ पाय पाहत होता.

मी विचारलं, कशी आहे? तो म्हणाला, पाय चांगला पडते, पण बाई थकली आहे, टाच टेकवून राह्यली. मी टाचा पाहिल्या. त्या आमच्याकडच्या रोवणीच्या बायांसारख्याच भेगाळलेल्या होत्या. मिस्र देशातही चिखल असावा.

दहा मिनिटं झाली असतील. कंबर गोल फिरत होती, बापूरावांची मान तिच्याबरोबर फिरत होती, आणि जनरेटरने एक उचकी देऊन मान टाकली. गाणं मधेच बंद पडलं. तंबूवाला मागे धावला. नूरी हात वर उचललेले, तशीच उभी राहिली. मग तिने तसंच, गाण्याशिवाय, नाचायला सुरुवात केली. बिनगाण्याचा नाच फार केविलवाणा दिसतो. नुसती नाणी वाजत होती आणि फळ्या करकरत होत्या. मागून कोणी तरी तिकिटाचे पैसे परत मागितले. कोणी बाईला चाबी भर म्हणाला. लोक हसले. शेंगांची टरफलं, मग संत्र्याच्या साली स्टेजवर येऊन पडू लागल्या. बापूरावांनी नाक मुरडलं आणि मला म्हणाले, चाल, यात काही दम नाही.

मी मुखरूभाऊकडे पाहिलं. त्याला काहीच करायचं नव्हतं. हातावर हात ठेवून आणखी पाच मिनिटं बसायचं, की शंकरपटाची गवळण त्याचीच.

आमच्या मंडळाचा एक नेम आहे. नाचणारा उभा आहे तोवर ठेका थांबवायचा नाही. ढोलकीवाल्याला उठायचंच असेल, तर दुसऱ्याचा हात ढोलकीवर पडल्यावरच त्याने आपला काढायचा. खुशालच्या बापाला एकदा वाजवता वाजवता घरून वाईट निरोप आला होता. तो ऐकूनही तो वाजवत राहिला, कारण मुखरूभाऊ नाचायला अंगणात उभा होता. हे मुखरूभाऊ कधी विसरला नाही. पण हा नेम मंडळाचा होता, तंबूचा नाही, आणि नूरी काही आमच्या मंडळाची नव्हती.

मुखरूभाऊने एकदा डोळे मिटले. जेवताना कोणी उठवल्यावर माणूस जसा नाइलाजाने उठतो, तसा तो उठला. पोतं बाजूला टाकलं, खाली बसून आपला डबा मांडीवर घेतला आणि त्यावर बोटं टाकली.

पहिले दोन-चार ठोके त्याने नुसते तिच्या नाण्यांच्या मागोमाग टाकले. ती कुठे पाय ठेवते ते पाहून तिथे ठोका. मग तिने कान दिला. मान वळवली नाही, पण पाठ ताठ झाली, ते मला दिसलं. मग हळूहळू कोण कोणाच्या मागे आहे ते कळेना. तो दंडारीचा ठेका नव्हता आणि मिस्र देशाचाही नव्हता. खुशालने दुकानाच्या दोन किल्ल्या एकमेकींवर आपटून झांजा धरल्या. शिट्ट्या थांबल्या. मागचे लोक टाळीवर आले. आणि नूरी नाचली. या वेळेला टाच टेकवली नाही. वीस मिनिटं ती नाचली आणि वीस मिनिटं मुखरूभाऊने मान वर केली नाही. जनरेटर सुरू झाला तेव्हा कॅसेट लावू नका म्हणून लोकच ओरडले.

मी बापूरावांकडे पाहिलं. त्यांचं ठरलं होतं.

खेळ संपल्यावर ते तंबूवाल्याशी बोलायला मागे गेले. आम्ही कनातीपाशी उभे होतो. नूरी अंगावर शाल घेऊन आली, एका डब्यावर बसली आणि लोटाभर पाणी एका दमात प्याली. मग आमच्याच बोलीत म्हणाली, माझं नाव सत्यशीला, मी भंडाऱ्याकडची, नूरी फक्त फळ्यांवर. आज अजून दोन खेळ आहेत, जनरेटरचं सांगता येत नाही. खुशालचा मिस्र देश तिथेच बुडाला.

तिने मुखरूभाऊच्या हातांकडे पाहिलं. डब्याच्या पत्र्याने दोन बोटं सोलली होती.

"भाऊ, तुमी वाजवणारे नाई," ती म्हणाली. "वाजवणारा आपल्या हाताकडं पायते. तुमी पाय ठेवाले जागा देऊन राह्यले होते. तुमी नाचता ना?"

मुखरूभाऊने बोटं धोतराला पुसली.

"नाचत होतो, बाई," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये बापूराव खुशीत होते. त्यांनी तारीख पक्की केली होती, आणि आता शेजारच्या गावचे लोक आपल्याकडे कसे येतील ते सांगत होते. मुखरूभाऊला त्यांनी सोडलं होतं असं नाही. त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, ती नाचेल, तू वाजव, तुझ्यासारखं वाजवणारा मले दुसरा कोण मिळणार? मुखरूभाऊ हो म्हणाला. गवळणीचं काय, हे त्याने विचारलं नाही आणि बापूरावांनी सांगितलं नाही.

बापूराव पुढे जाऊन बसले तसा खुशाल उसळला.

"भाऊ, हात खिशात ठेवाले का झालं होतं तुले?"

"ती उभी होती ना बे," मुखरूभाऊ म्हणाला. भांडल्यासारखं नाही, समजावल्यासारखंही नाही. सकाळपासून ओझं वाहून आलेल्या माणसाला किती वाजले विचारलं तर तो सांगेल, तसं.



आठ-दहा दिवसांनी मी शाळेच्या भिंतीशी शंकरपटाची पाटी रंगवत होतो. सर्वांत वर मिस नूरी, वीतभर अक्षरात. उंट मी काढला नाही. मुखरूभाऊ केंद्रावरून परत येताना सायकल टेकवून उभा राहिला. चेहरा काही तरी वेगळाच वाटला, आणि मग लक्षात आलं, वरच्या ओठावर पांढरे खुंट आले होते. नाच्याने मिशी ठेवायची नसते. चौतीस वर्षं त्याने दर दोन दिवसांनी ओठ साफ केला होता, सुतकातसुद्धा.

"माझं कुठी हाये?" त्याने विचारलं. त्याला वाचता येत नाही.

मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. ढोलकी, मुखरू. थोडं मोठं करू का, विचारलं.

"नोको. राहू दे."

तो भिंतीला टेकून खाली बसला, पाय लांब केले आणि ओठावरून उलटा हात फिरवला.

"मिशी लय खाजते बाबू," तो म्हणाला, आणि रंग वाळेपर्यंत तिथंच बसून राहिला.