पिकला की येते

माझे वरचे दात वरच्या मजल्यावरच्या भाऊजींनी केलेले आहेत. त्यामुळे त्यांच्याबद्दल मी जे काही बोलते त्याची निम्मी जबाबदारी त्यांचीच. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. ते म्हणाले, "वहिनी, मी फक्त दात केले. जीभ तुमची तुम्ही आणलीत."

असा हा माणूस. दातांच्या डॉक्टरच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी जन्मभर कवळ्या केल्या. पेशंट पुढे आ वासून बसलेला आणि हे मागे त्याचा प्लास्टरचा जबडा हातात धरून. आमच्या गल्लीत कोण स्वतःचं हसतं आणि कोण भाऊजींनी केलेलं हसतं, हे फक्त त्यांना ठाऊक. मी चहा पाजपाजून थकले, पण त्यांनी एकाचंही नाव फोडलं नाही. माझ्यासारखीचा याहून मोठा छळ नसेल. गल्ली त्यांना 'कवळीवाले' म्हणते.

मुलगी नोकरीसाठी दूर गेली, विमानानेच येता यावं इतकी. मग बायको गेली. मग काम सुटलं. संध्याकाळी माझ्या डोक्यावर त्यांची पावलं वाजायची, स्वयंपाकघर ते खिडकी आणि खिडकी ते स्वयंपाकघर. मी छताकडे बघून म्हणायची, "आता टेका की हो कुठेतरी."

रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. मी बहुधा तिथेच असायची, वाटीभर साखर मागायला गेलेली. आमच्या या थंड मुलखातलं बर्फ नुकतंच वितळलं होतं तेव्हाची गोष्ट. तब्येतीचं बोलून झालं, हवेचं झालं, आणि भाऊजींकडचं सांगण्यासारखं संपलं. फोन ठेवला जाऊ नये म्हणून ते काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "ठमे, बाल्कनीत टोमॅटो लावावेत म्हणतो."

तिकडून तिला कोणीतरी हाक मारत होतं. "लावा की बाबा! पहिला पिकला की येते खायला. चला, ठेवते हं."

झालं. आपण नाही का पाहुण्याला दारात म्हणत, या एकदा निवांत जेवायला? त्यातलंच ते. पण भाऊजींनी ते जबड्याच्या मापासारखं घेतलं, केसभरही इकडे-तिकडे नाही. टोमॅटो पिकणार आणि लेक येणार.

आता आमच्याकडे ऊन म्हणजे श्रीमंत नातेवाईक. उशिरा येणार, कोट न काढता बसणार आणि लगेच निघणार. शिवाय भाऊजींनी आयुष्यात कोथिंबिरीची काडीसुद्धा लावलेली नव्हती. प्लास्टरच्या रिकाम्या बादल्या घरात पडल्या होत्या, त्यात त्यांनी माती भरली, रोपं लावली आणि आजारी माणसाला पाजावं तसं दिवसातून चार वेळा पाणी पाजलं. बादल्यांना भोकं नव्हती. जन्मभर पाणी आत शिरू नये याची काळजी घेतलेला माणूस, पाणी बाहेरही पडावं लागतं हे त्याला सुचणार कसं? रोपं पिवळी पडली, मग माना टाकल्या, मग त्यांना वास यायला लागला.

कोपऱ्यावरच्या रोपवाल्या बाईने त्यांची शिकवणी घेतली. "काका, रोप आहे, मासा नाही. खाली भोकं पाडा. आणि अंगणातली माती नका भरू, ती दगड होते. कुंडीची हलकी माती घ्या. देठ खोल गाडा, तिथूनही मुळं फुटतात. एका बादलीत एकच रोप. आणि घरातून उचलून एकदम गारठ्यात नका ठेवू, रोज थोडं थोडं बाहेर न्या."

भाऊजींनी कवळीचे दात कोरायचं जुनं यंत्र काढलं, त्यानेच बादल्यांच्या बुडाला भोकं पाडली आणि कडा गुळगुळीतही केल्या. मी म्हटलं, "मातीला टोचणार आहेत का?" तर म्हणाले, "सवय."

नवी रोपं धरली. रोज सकाळी ती बाल्कनीत फिरायला आणि दुपारी घरात. लेकरांना बागेत नेतात तशी. मग वारा लागू नये म्हणून भाऊजींनी बाल्कनीला चहूबाजूंनी प्लास्टिक लावलं. आत ऊब आली, रोपं कमरेइतकी झाली, पिवळी फुलं आली आणि सगळी गळून गेली. पुन्हा रोपवालीकडे.

"काका, आत वारा नाही, माशी नाही, फूल हलणार कसं? हललं नाही तर फळ धरत नाही."

दुसऱ्या दिवशी मी साखरेला गेले तर भाऊजी गुडघ्यावर बसून विजेच्या टूथब्रशने फुलांच्या देठांना गुदगुल्या करत होते. गुर्र, गुर्र. "माझे दात घासायला कधी इतक्या प्रेमाने सांगितलं नाहीत," मी म्हटलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, उन्हाळा जातोय."

फळं धरली. चांगली घोसाने धरली, मोठी झाली आणि हिरवीच राहिली. थंड हवेत टोमॅटोला लाल व्हायची घाई नसते. रविवारी भाऊजी फोन बादल्यांवरून फिरवायचे. "बघ, हा पोपटी झालाय. हा तर थोडा पिवळाच म्हण ना."

एका रविवारी ती म्हणाली, "अजून हिरवेच ना? मग जाऊ दे बाबा, पुढच्या वर्षी बघू."

माझ्या हातातली साखर सांडली. भाऊजी म्हणाले, "छे छे, आठवडाभरात होतील."

त्या आठवड्यात वर यंत्र चालल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, कोणाचातरी दात निखळला. पुढच्या रविवारी बाल्कनीत एक टोमॅटो लालबुंद! तोच आकार, तीच एका बाजूची घडी, वर खरा हिरवा देठ. मुलगी ओरडली, "आई गं! पिकला! बाबा, तोडू नका हं त्याला, मी येते. येईपर्यंत राहू दे वेलावर!"

फोन बंद झाल्यावर मी चष्मा लावून जवळ गेले. चकाकी ओळखीची होती. रोज सकाळी मी तीच चकाकी ग्लासातून काढून तोंडात बसवते.

"भाऊजी, हा टोमॅटो आहे की माझी दाढ?"

"ती यायच्या आत खरे पिकतील," ते म्हणाले. "तोवर हा राहील." आणि जरा थांबून, "घडी जमलीय ना? हिरव्याचाच साचा घेतला."

मग तिचं येणं पुढे गेलं. ऑफिसात कोणीतरी रजेवर गेलं. मग तिला सर्दी झाली. मग पुन्हा ऑफिस. प्रत्येक रविवारी ती विचारायची, "माझा टोमॅटो आहे ना?" आणि भाऊजी फोन बाल्कनीकडे वळवायचे. "आहे. जसाच्या तसा."

कडाक्याची थंडी पडणार म्हणून त्यांनी हिरवे टोमॅटो उतरवले आणि खोलीतल्या मोठ्या कप्प्यांत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले. त्या कप्प्यांत गल्लीभरच्या जबड्यांचे साचे होते. कितीतरी जबड्यांचे धनी आता राहिले नाहीत, पण भाऊजींना ते टाकवत नाहीत. एक साचा मऊ फडक्यात होता, त्याच्याजवळ त्यांनी टोमॅटो ठेवले नाहीत. तो कोणाचा, हे विचारायची अक्कल मलासुद्धा आहे.

आणि त्या अंधाऱ्या कप्प्यांत, जबड्यांच्या शेजारी, सगळे टोमॅटो पिकले. एकदम, सगळेच्या सगळे. चणे आले, तर दात विमानापलीकडे! भाऊजींनी फोन केला. "ठमे, खूप पिकलेत गं. ये ना." ती म्हणाली, "बाबा, आत्ता नाही हो जमत. तुम्ही खा ना सगळे मिळून."

गल्लीने खाल्ले. मीठ लावून, चकत्या करून, भाऊजींच्याच दातांनी. चांगले होते, थोडे आंबट. त्यातला सगळ्यात देखणा त्यांनी तिच्यासाठी बाजूला काढला. तो मऊ झाला, मग सुरकुतला, मग त्याला पाणी सुटलं. मी न विचारता तो कचऱ्यात टाकला, आणि त्यांनीही मला तो कुठे गेला म्हणून विचारलं नाही.

वेल वाळून काळे पडले. बर्फ आलं. एका रविवारी भाऊजींनी सवयीने फोन वळवला. पांढऱ्या बाल्कनीत काळ्या काडीवर लालबुंद टोमॅटो, त्याच्या डोक्यावर बर्फाची टोपी.

मुलगी हसायला लागली. "बाबा! बर्फात टोमॅटो?" मग हसता हसता थांबली. कवळीवाल्याची लेक आहे, चकाकी तिच्याही ओळखीची. "तुम्ही केलात?"

"हो."

"पण कशाला?"

बोलायला मी तोंड उघडलं होतं, पण भाऊजींनी हाताने थांबवलं. "तू म्हणाली होतीस ना, पिकला की येते."

तिकडून बारीक आवाजात, "बाबा, ते मी सहज म्हटलं होतं."

"मग?" भाऊजी म्हणाले. "मीपण सहजच लावले."

ती म्हणाली की ती येणार आहे, नक्की येणार आहे, जरा मोकळी झाली की. भाऊजी म्हणाले, "ये. सवडीने ये. धावपळ करू नकोस." फोन बंद झाला. मी साखर न घेताच खाली आले. थोड्या वेळाने छतावर पावलं वाजली, स्वयंपाकघर ते खिडकी. या वेळी मी काही म्हटलं नाही.

आता बर्फ पुन्हा वितळलंय. परवा वर गेले तर खिडकीत रोपं, हिरवीगार, एका बादलीत एक. बादल्यांना भोकं आधीच पाडलेली. तेवढ्यात कॉल आला. तिने विचारलंच, "काय बाबा, यंदा काही लावलं की नाही?"

"नाही गं," भाऊजी म्हणाले, आणि खुर्ची थोडी सरकवून बसले, खिडकी त्यांच्या पाठीमागे दिसणार नाही अशी.