चिंच-गुळाचं पाणी

माझ्याजवळ बसली आहेस असं समजून हे वाच. लांब बसून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि आधी मला सांग, परवा फोनवर काय म्हणालीस तू? "मावशी, जिना चढले की धाप लागते, रक्तवाढीच्या गोळ्या घेते पण फरक नाही, जाऊ दे." जाऊ दे काय गं? माझा उभा जन्म खाकीत गेला. 'जाऊ दे' म्हणून सोडलेल्या गोष्टीचंच पुढे मोठं प्रकरण होतं, हे मी किती वेळा पाहिलंय. रागावत नाही, पण ऐक. तुझ्यासाठी म्हणून हे लिहायला घेतलं. आणखी कुणी वाचलं तर त्यांचंही भलं होवो. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही, विचारू नकोस.

ती पांढरीफटक पडलेली पोर अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. प्लेग येऊन गेला होता आणि त्यानंतर सुरत घासून-पुसून लख्ख झाली होती. मी तेव्हा हेड कॉन्स्टेबल. शाळा सातवीपर्यंत; पुढचं सगळं ठाण्यातच शिकले. कायद्याची कलमं, गुजराती लिहिणं, जबाब घेताना गप्प कधी बसायचं, सगळं.

सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे एक तरुण उभा होता. पर्वत पाटिया भागात राहायचा, तिथेच साड्यांच्या घड्या घालायचं काम करायचा. आपल्याच खान्देशातला. मला बघून तो गुजराती सोडून मराठीवर आला.

"मॅडम, माझी बहीण भेस्तानला दिलीय. तिची सासू तिला विष घालते."

"डोळ्यांनी पाहिलंस?"

"पाहायचं काय? आखाजीच्या सणाला माझ्याकडे माहेरी येते, महिनाभर राहते, पोटदुखी थांबते, अंगात जीव येतो. सासरी परत गेली की पुन्हा खाटेवर. मागे दिवस गेले होते, तेही राहिले नाहीत. आणि मॅडम, सासू रोज सकाळी स्वतःच्या हातानं तिला काहीतरी पाजते. घरात दुसरं कुणी ते तोंडाला लावत नाही."

यातलं शेवटचं वाक्य ऐकलं की कुठल्याही पोलिसाचे कान टवकारतात. साहेबांनी अर्ज वाचला आणि माझ्याकडे सरकवला. "बेन, तमारी भाषाना माणस छे. तमे ज जाओ."

गेले. लूमच्या खटखटाटात भिंतीसुद्धा थरथरत होत्या. दोन खोल्यांचं घर. नवरा लूमवर गेलेला. सून भिंतीला टेकून बसली होती. तिची खालची पापणी ओढून पाहिली. लालीचा ठिपका नाही, धुतलेल्या कापडासारखी पांढरी. मी तिला तिथूनच सरकारी दवाखान्यात भरती केलं. घरातली चिंच, गूळ, मीठ, मसाले पंचनामा करून जप्त केले आणि तपासणीला पाठवले.

सासूला ठाण्यात आणलं. बाई तिखट. शेजारणी सांगत होत्या, जीभ म्हणजे करवत. पण बाकावर बसल्यावर पदराचं टोक पिळत राहिली.

"सकाळी सुनेला काय पाजता?"

"चिंच-गुळाचं पाणी. गुळानं रगत वाढतं. रातले भिजाडस, सकाळी गाळून देस."

"मग तुम्ही का पीत नाही? तुमचा मुलगा का पीत नाही?"

ती एकदम तडकली. "आम्हले काय धाड भरनी? आजारी ती शे!" आणि मग आवाज फुटला. "माय व, मी मन्ही सूनले जहर दिसू का? मन्हा नातू ग्या, तो काय फक्त तिना व्हता?"

खोटं बोलणारा माणूस माझ्या अनुभवात स्वतःबद्दल बोलतो: मी अशी नाही, मी तशी नाही. ही बाई गेलेल्या नातवाबद्दल बोलली. मी जबाब तिथेच थांबवला. पण साहेबांना माझा अंदाज कसा चालणार?

तपासणीत चिंच स्वच्छ निघाली, गूळ स्वच्छ, सगळंच स्वच्छ. मला हायसं वाटलं, तेवढ्यात दवाखान्यातून बोलावणं आलं. तिथली डॉक्टरीण बाई माझ्याच वयाची, हट्टी. म्हणाली, "लोहाच्या गोळ्या ही नेमानं घेतेय. जंत नाहीत, सिकल सेल नाही, रक्तस्राव नाही. तरी रक्त वाढत नाही, हे मला पटेना. म्हणून रक्ताची काच स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पेशींवर निळे ठिपके आहेत. हिरड्या बघा."

पोरीनं ओठ वर केला. दातांच्या मुळाशी काळपट निळी रेघ, कुणी काजळाची काडी फिरवावी तशी.

"शिसं," डॉक्टरीण म्हणाली. "अंगात लोह आहे, पण शिसं त्याचं रक्त होऊ देत नाही. सूत भरपूर आहे, लूम बंद पडलाय, असं समजा. शिसं कुठून जातंय ते शोधा. ते थांबलं नाही, तर माझी औषधं वाया."

मी साहेबांना सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं प्रकरण संपलं. "एटले झेर मळ्युं ने? सासूला अटक करा."

"साहेब, उद्यापर्यंत थांबा. विष सापडलं, वाट सापडली नाही."

साहेब चांगले होते, कुरकुरत का होईना, थांबले.

मी सासूला घेऊन तिच्या घरी गेले. म्हटलं, "आई, रोज जसं करता तसं माझ्यापुढे करा. काही बोलू नका, नुसतं करा." तिनं चिंच काढली, गूळ फोडला. मी मदत म्हणून समोरचं स्टीलचं पातेलं पुढे सरकवलं. तिनं ते बाजूला सारलं.

"याम्हा नही. तिन्हं पातेलं येगळं शे."

आणि फळीवरून एक पितळी पातेलं काढलं. आतून कथलाच्या कल्हईनं चांदीसारखं चमकत होतं. आंदणात आलेलं. त्यांच्याकडची रीत अशी की माहेरचं भांडं लेकीचं. त्यातलं सासरच्यांनी खायचं नाही. आजारी सुनेला माहेरच्या भांड्यातलं अंगी लागेल म्हणून सासू मुद्दाम त्यात चिंच भिजवायची, रात्रभर. जप्तीच्या वेळी आम्ही डबे-बरण्या उचलल्या होत्या. घासून पालथं घातलेलं भांडं कोण उचलतो?

"ही कल्हई कुणी केली?"

"तिना भाऊ करी देस. दर आखाजीले ती पातेलं लई जास, तो कल्हई करी, सांजोऱ्या भरी धाडस."

मी खिशातला कोरा कागद काढला, बोटावर गुंडाळला आणि पातेल्याच्या आतून जोरात घासला. कागदावर पेन्सिलीसारखा करडा पट्टा उमटला. चांगलं कथील असं उमटत नाही. माहेरी ती बरी व्हायची, कारण तिथे हे पातेलं वापरात नसायचं. सासरी परतताना नवी कल्हई घेऊनच परतायची.

पातेलं मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतलं आणि तपासणीला पाठवलं. भाऊ ज्याच्याकडून कल्हई करून घ्यायचा, तो कल्हईवाला पर्वत पाटियाजवळच रस्त्याकडेला भाता घेऊन बसायचा. त्याला मारावंही लागलं नाही, ओरडावंही लागलं नाही. कागद पुढे ठेवला तसा तो म्हणाला, "बेन, कथील मोंघुं पडे. थोडुंक सीसुं तो बधाय नाखे." थोडं शिसं तर सगळेच घालतात, म्हणे.

"त्या थोड्यात चिंच रात्रभर भिजते, बाबा. आंबट त्याला खाऊन टाकतं आणि पोरगी ते पिते."

त्यानं डोकं धरलं. त्याच्या घरची भांडीही त्यानंच कल्हई केलेली होती. त्याच्यावर रीतसर गुन्हा नोंदवला, आणि त्याच्या बायको-मुलांनाही त्याच डॉक्टरणीकडे धाडलं. तपासणीच्या अहवालात पुढे शिसंच निघालं.

सगळ्यांत अवघड काम राहिलं होतं: भावाला सांगणं. तो ठाण्याच्या बाकावर सासूच्या अटकेची वाट बघत बसला होता. मी सांगितलं. तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला, जणू ते दुसऱ्याचेच होते. तेवढ्यात सासू आतून आली. मला वाटलं, आता करवत चालणार. बाई त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मन्हावर जहरना आळ घाली ना तू? घाल. बहीनसाठे कोनी तरी पोलिसात जास, हाई तरी समजनं." आणि मग हळूच, "चाल, दवाखानाम्हा. ती भुकी व्हई."

दोघं एकाच रिक्षात बसून गेले.

पोरीला सावरायला बरेच महिने लागले. पण हिरड्यांवरची रेघ फिकी झाली, धाप गेली, गालावर रंग आला. पुढे मला बारशाचं आमंत्रण आलं. भावानं भाचीला स्टीलचं पातेलं आणलं होतं. सासूनं त्यातच चिंच-गुळाचं पाणी केलं, आणि पहिला पेला कुणाला दिला असेल? मला! सगळ्यांदेखत म्हणाली, "पहिले पोलीस पिथीन, मंग आम्ही." भाऊसुद्धा हसला.

विषाचं प्रकरण आलं की आम्ही आधी वैर शोधतो. या घरात ते सापडणारच नव्हतं. त्यानंतर मी कुणाचाही जबाब घेताना काय खाल्लं याच्याबरोबर कशात शिजवलं, कशात ठेवलं, हेही विचारायला लागले. आणि त्या डॉक्टरणीचा हट्ट तर मी गाठीशी बांधून घेतला. गोळी घेऊनही रक्त वाढत नसेल, तर बाईला दोष द्यायचा नाही, कारण शोधायचं. कारण असतंच. सापडलं की माणूस उठून उभं राहतं.

म्हणून सांगते बाळा, तुझी धाप 'जाऊ दे' नाही. उद्याच रक्त तपासून घे, आणि कागद घेऊन थेट इकडे ये. या रविवारीच ये. चिंच-गुळाचं पाणी करून ठेवते. स्टीलच्या पातेल्यात.