राखेच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह

भास्करराव तायडे साहेबांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. अकोल्याजवळच्या वीज केंद्रात ते देखभालीचे अभियंता होते, मी खरेदी विभागात. त्यांचे मागणीपत्र मी इंग्रजी सुधारून लाल शाईने परत पाठवले. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे तो मला माझा हक्कच वाटे. साहेब झिजलेला व्हॉल्व्ह घेऊन आले आणि तो माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, इंग्रजी तुमचं छान आहे. आता यात बोट घालून बघा." झडप जिथे बसते ती आतली खाच राखेने दगडासारखी भरली होती.

नवा व्हॉल्व्ह घेताना आतून काय वाहते, किती गरम असते, दिवसातून किती वेळा उघडायचे, एवढे सगळेच विचारतात. साहेब आणखी विचारत, "उघडणार कोण?" फिटरशी बोलल्याशिवाय ते व्हॉल्व्ह निवडत नसत.

राखमिश्रित पाण्याच्या लाइनसाठी त्यांनी आतून रबर लावलेला, खाच नसलेला व्हॉल्व्ह मागितला. मी निविदेत सवयीने 'किंवा समतुल्य' जोडले. आमच्याकडे हे शब्द मिठासारखे प्रत्येक कागदावर पडत. माप जुळले, दाब जुळला, खाच असलेला साधा गेट व्हॉल्व्ह आला. साहेबांनी लेखी हरकत घेतली. मी ती फाइलमध्ये दाबली. फिटर सुखदेव तोंडावर बोलला, "बाई, तुमच्या कागदावर पानी हाये, पायपात राख हाये!" मी त्याला खोलीबाहेर घालवले. वरून हुकूम आला आणि साहेबांना तोच व्हॉल्व्ह बसवावा लागला.

खाचेत राख बसली, व्हॉल्व्ह पुरता मिटेना. त्याच्या पुढच्या पाइपच्या दुरुस्तीसाठी सुखदेवने जोड सैल केला आणि राखेचा फवारा तोंडावर आला. त्याचा उजवा डोळा गेला. चौकशीत 'निवड चुकली' असा ठपका साहेबांवर आला, बढती थांबली. मी हरकतीचा कागद बाहेर काढला नाही. साहेबांनीही माझे नाव घेतले नाही. "बसवला मी," एवढेच म्हणाले.

निवृत्तीनंतर ते अमरावतीहून एसटीने येऊन सुखदेवला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत राहिले. मी अकोल्यातच राहते. एकदाही त्याला भेटायला गेले नाही.

साहेबांचा गौरवग्रंथ काढणाऱ्या समितीने 'आठवणी गोड असाव्यात' असे कळवले आहे. साहेबांचा गोड स्वभाव इतर लेखक सांगतीलच. ज्या माणसावर आपण सगळ्यांनी खोटा ठपका राहू दिला, त्याला आता नुसती शाल पांघरायची?

हे छापू का, असे विचारायला मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "आधी सुखदेवला वाचून दाखवा."

दाखवले. सुखदेवने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "इतके वर्स काहून लागले, बाई?"



साहेबांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आमच्यासारख्यांना खरे बोलायला फार वर्षे लागतात. ते ऐकायला साहेब असायला हवेत.