दुपारची सोबत

आई गेल्यावर धाकटा भाऊ माझ्याकडे कर्वेनगरला राहायला आला. वय चाळीस, डाऊन सिंड्रोम, स्वभाव तुटक. माझी रजा संपत आली होती. दुपारी त्याच्या सोबतीला कोण, हा प्रश्न होता.

समोरच्या इमारतीतल्या बाईंच्या मुलालाही डाऊन सिंड्रोम आहे. तो पंचविशीतला. बाई म्हणाल्या, "अहो, दुपारचं आमच्याकडेच पाठवा की. दोघं सारखेच, छान जमेल." मला पटलं. सोय उत्तम होती.

ओळख व्हावी म्हणून रविवारी बाई मुलाला घेऊन आल्या. दारातच त्याने माझ्या भावाला मिठी मारली. भावाला कुणी अंगाला हात लावलेला खपत नाही. आईलाही फक्त वाढदिवसाला परवानगी होती. तो खांबासारखा उभा राहिला. मुलाने टीव्ही मोठा केला आणि पोह्यांची बशी हातात घेऊनच नाचायला लागला. पोहे सांडले. भावाने टीव्ही बंद केला, फडकं आणून त्याच्यापुढे धरलं.

"पूस."

त्याने पुसलं, वर विचारलं, "तू काय सर आहेस?"

थोड्या वेळाने भाऊ स्वयंपाकघरात आला. "ताई, हे लोक कधी जाणार?"

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "आई, चल ना. हा दादा बोअर आहे."

बाई ओशाळल्या. मी म्हटलं, "जाऊ द्या हो. आपल्या दोघींना चष्मा आहे म्हणून कुणी एका खोलीत बसवलं असतं, तर आपलं तरी जमलं असतं का?" त्या खळखळून हसल्या.

ते गेल्यावर मी भावाला विचारलं, "मग आता दुपारी काय करणार?"

"घरी राहणार."

"एकटा?"

"मग? मी यायच्या आधी तू नव्हतीस का राहत?"

भीती होती, पण ती माझी. त्याला जन्मात कधी घर एकट्याला मिळालं नव्हतं. सतत कुणीतरी 'जेवलास का, झोपतोस का' विचारत मागे असायचं. उरलेल्या रजेत आम्ही सराव केला. गॅसला हात नाही, अनोळखी माणसाला दार नाही, फोन मात्र उचलायचा. एक किल्ली समोरच्या बाईंकडे दिली.

कामावर गेले त्या दुपारी फोन केला. बराच वेळ नुसता वाजत राहिला. मी पर्स उचलून उभीच राहिले.

"काय आहे?"

"जेवलास का?"

"जेवलो. झोपलो होतो."

"बरं, काही लागलं तर..."

"ताई, तू काम कर," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.