नाताळचं जेवण वाकोल्यात

नाताळच्या दिवशी सकाळी साडेदहाला मी बोरीवलीहून निघाले, ती निघतानाच वैतागलेली होते.

परबकाकूंच्या घरी मी पेइंग गेस्ट म्हणून राहते. काका-काकू मूळचे मालवणकडचे. मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, काकूंनी मला जाऊ दिलंच नव्हतं, आणि आता भर सकाळीही त्या दारात आडव्या उभ्या होत्या.

"अहो, चेडू एकटाच चलला वाकोल्याक. काय तरी बोला!" हे काकांना. मग माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत, "आशा, हा करंज्यांचा डबा घे. सणाला कोणाकडे रिकाम्या हातानं जातात का?"

माझ्या हातात आधीच लिचीचा टिन होता. आमच्याकडे मॉरिशसला डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. झाडं लिचीनं लगडलेली असतात आणि नाताळच्या टेबलावर लिची नसेल तर तो नाताळच नाही. आदल्या दिवशी मी स्टेशनजवळच्या सगळ्या फळवाल्यांना लिची विचारून आले होते. एकानं मला सीताफळ दाखवलं. दुसरा हसून म्हणाला, "मॅडम, मे महिन्यात या." शेवटी एका सुपरमार्केटमध्ये हा टिन मिळाला.

खाली गेटपाशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी अडवलं. त्यांनी प्लास्टिकच्या झाडावर कापूस चिकटवला होता. "बघा बरं, तुमच्याकडच्यासारखा वाटतो ना बर्फ?"

"काका, आमच्याकडे बर्फ पडत नाही. आम्ही नाताळच्या दुपारी समुद्रात पोहतो."

"असं कसं?" ते म्हणाले. त्यांना वाटलं, मलाच नीट माहिती नाही.

बर्फाचं एक वेळ चालेल. पण दुसरा जो प्रश्न सहा महिने माझ्या मागे लागला आहे, त्यानं मी खरोखर कंटाळले आहे. माझे वडील मराठी. त्यांचे पणजोबा कोकणातून मॉरिशसला गेले. आई क्रिओल, म्हणजे तिथल्या मिश्र आफ्रिकी वंशाची, आणि कॅथलिक. माझं पूर्ण नाव मारी आशा. आई मारी म्हणते, बाबा आशा म्हणतात. मी मुंबईला एम. ए. मराठी करायला आले. वर्गात लोक विचारतात, "नाताळ करतेस? मग मराठी कशी तू?" आणि चर्चमध्ये विचारतात, "मराठी आहेस? मग इथे कशी?" दरवेळी मी पणजोबांपासून सुरुवात करते, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष मध्येच उडतं.

आमच्या घरातही हे दोन भाग कधी एक झाले नाहीत. गणपतीत आई नमस्कार करून स्वयंपाकघरात निघून जायची. नाताळच्या जेवणाला आजोळी जमलो की बाबा अंगणात खुर्ची टाकून बसायचे. मी मराठी शिकायला निघाले तेव्हा आई एवढंच म्हणाली, "म्हणजे तू बाबांची बाजू घेतलीस." त्यानंतर फोनवर ती हवापाण्याचंच बोलत राहिली.

डिसेंबर लागला तशी मात्र तिनं अट घातली. "नाताळला आम्ही सगळे बाराला जेवायला बसतो. तेव्हा मी व्हिडिओ कॉल करीन. तुझ्यासमोर ताट दिसलं पाहिजे आणि शेजारी माणसं दिसली पाहिजेत. एकटी दिसलीस तर मी समजेन की तिथे तुझं कोणी नाही. मग सामान बांध आणि परत ये."

तिथले बारा म्हणजे इथले दीड. माझी वर्गमैत्रीण रोशेल वाकोल्याला राहते. तिनं जेवायला बोलावलं, आणि मी सुटले असं मला वाटलं.

राष्ट्रीय उद्यान स्टेशनवरून मेट्रो धरली. गुंदवलीला उतरेपर्यंत सगळं सुरळीत होतं. तिथे रिक्षावाल्याला मी माझ्या पुस्तकी मराठीत म्हटलं, "वाकोल्याच्या चर्चजवळ सोडाल का?"

"बैठो," तो म्हणाला. मी मराठी बोलते, समोरचा हिंदीत उत्तर देतो. इतक्या लांबून मराठी शिकायला आलेल्या माणसाला याचा किती राग येतो, हे मुंबईकरांना कळणार नाही.

पाऊण तास हायवेवर अडकून त्यानं मला एका चर्चसमोर उतरवलं. मोठा तारा, येशूजन्माचा गोठा, लाउडस्पीकर, सगळं होतं. मी गेटवरच्या बाईंना रोशेलची गल्ली विचारली. त्या म्हणाल्या, "ही गल्ली वाकोल्यात. हे कालिना आहे."

मी धावत मागे आले. रिक्षावाला अजून सुटे पैसे मोजत होता.

"चर्च बोला ना आपने? ये चर्च ही तो है!" म्हणत तो निघूनही गेला.

पुढचं अंतर मी चालले. सण असल्यामुळे एकही रिक्षा थांबेना. ऊन चढलं होतं, करंज्यांच्या डब्याची पिशवी बोटांना काचत होती आणि रोशेल फोन उचलत नव्हती. आधी वाटलं, कामात असेल. चौथ्या फोननंतर मला तिचा राग आला. सातव्या फोननंतर भीती वाटायला लागली.

एक वाजून दहा मिनिटांनी गल्ली सापडली. जुनी बैठी घरं, प्रत्येकाच्या दारावर कागदी कंदील. रोशेलच्या दाराला कुलूप होतं.

मी पायरीवर बसले. मला रडायला येत नव्हतं, इतकी चीड आली होती. कोणावर, ते सांगता येणार नाही. रोशेलवर, रिक्षावाल्यावर, आईवर, दीड वाजणार होते त्या घड्याळावर. एखाद्या हॉटेलात जावं, दोन अनोळखी माणसांच्या टेबलावर बसावं आणि आईला सांगावं की हे माझे मित्र, असंही मनात आलं. मग वाटलं, जाऊ दे. परतच जावं. सहा महिने सगळ्यांना तेच समजावत आले, आता पुरे.

"कोन गं तू? रोशेलकडं आलीस काय?"

शेजारच्या दारात एक म्हातारी बाई उभी होती. अंगात फुलाफुलांचा झगा, गळ्यात क्रूस, हाताला पीठ.

"तिची आई सकाळी मोरीत पडली. हाताला लागलंय. दोघी हॉस्पिटलात गेल्या. घाईत फोन हितंच ऱ्हायला तिचा. मगाधरनं आत वाजतोय. तूच करत होतीस ना?"

"हो," मी म्हटलं, आणि मग तोंडातून भलतंच निघालं. "तुम्ही मराठी बोलता?"

"मंग काय बोलू?"

"पण तुम्ही... ख्रिश्चन ना?"

बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी मी आजवर इतरांकडे बघत आले होते. "आमी हितले ईस्ट इंडियन, मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. बापजाद्यांपासून हितलेच. आमची भाषा हीच. तुला कोनी सांगितलं, मराठी बोलायला चर्च सोडायला लागतं?"

जो प्रश्न मला विचारला की मी चिडते, तोच मी त्यांना विचारला होता. मला इतकी लाज वाटली की मी पायरीवरून उठून उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: मॉरिशस, आई, बाबा, दीड वाजता येणारा फोन.

फिलू आंटी (गल्लीत सगळे त्यांना असंच म्हणतात) मध्येच म्हणाल्या, "मंग हितं उभी काय ऱ्हायलीस? फुगे तळायचे अजून बाकी हायेत. हात धू."

पाच मिनिटांनी मी त्यांच्या स्वयंपाकघरात फुगे (यीस्टच्या पिठाचे गोल तळलेले पाव) झाऱ्यानं उलटवत होते. पहिले चार मी जाळले. "वाट लावलीस गं," आंटी म्हणाल्या आणि झारा काढून घेतला. अंकल, म्हणजे आंटींचे यजमान, टेबलाशी कोट घालून बसले होते. त्यांचा मुलगा दुबईला, मुलगी कॅनडात. घरात दोघंच, तरी आंटींनी सहा जणांचा स्वयंपाक केला होता. बाटलीत भरून ठेवलेल्या त्यांच्या मसाल्याचं मटण, भात, फुगे. त्यात काकूंच्या करंज्या आणि माझी टिनमधली लिची मांडली. अंकलनी एक लिची चाखली आणि म्हणाले, "औषधाची चव लागते." खरंच लागत होती.

फोन वाजला. मी तो पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. पडद्यावर आई, आजी, मावश्या, सगळ्या एकदम बोलत होत्या.

"कोण आहेत ही माणसं?" आईनं तिच्या क्रिओल भाषेत विचारलं. "रोशेल कुठे आहे?"

खोटं सांगणं सोपं होतं. पण मी खरं सांगितलं, की रोशेल हॉस्पिटलात आहे आणि या बाईंना मी पंधरा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा भेटले. आईचा चेहरा ताठ झाला. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात आंटी म्हणाल्या, "आदी प्रार्थना. बोलनं मागनं."

त्यांनी क्रूसाची खूण केली. अंकलनी केली, मी केली. तिकडे पडद्यावर आईचा हातही सवयीनं कपाळाकडे गेला. आंटी डोळे मिटून म्हणायला लागल्या, "बापाच्या, पुत्राच्या नं पवित्र आत्म्याच्या नावानं..." पुढे अन्नाला आशीर्वाद मागितला, हॉस्पिटलातल्या शेजारणीसाठी मागितला, लांबच्या मुलांसाठी मागितला.

आमेन झाल्यावर आईनं हळूच विचारलं, "कुठली भाषा ही?"

"मराठी, मामां."

आईनं मान वळवून अंगणाकडे हाक मारली. बाबा आत आले, आजीच्या टेबलापाशी, आईच्या खुर्चीमागे उभे राहिले. आंटींनी त्यांना विचारलं, "जेवलात काय?" बाबांनी खुर्ची ओढली. "बसतोच आहे," ते म्हणाले.

परतताना मेट्रोत रोशेलचा फोन आला. तिच्या आईच्या मनगटाला प्लास्टर घातलं होतं, बाकी ठीक होतं. ती पुन्हा पुन्हा माफी मागत होती आणि मी तिला गप्प करत होते. सेक्रेटरी अजूनही कापूस चिकटवत असतील, सुट्टीनंतर वर्गात कोणीतरी पुन्हा तोच प्रश्न विचारील, रिक्षावाले हिंदीतच बोलतील. त्यातलं काहीही बदललेलं नाही, आणि मी चिडणंही सोडणार नाही. फक्त यापुढे मी पणजोबांपासून सुरुवात करणार नाही. दोन्हीपैकी एक बाजू सोडायची असते, असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं. वाकोल्याच्या त्या गल्लीत तसं कोणालाच वाटत नव्हतं.

गोरेगाव गेल्यावर बाबांचा मेसेज आला: ती प्रार्थना लिहून पाठव. आई मागते आहे. 'आशीर्वाद' शब्द तिला म्हणता येत नाही, मी शिकवतो आहे.

मला चार शब्दांपलीकडे काही आठवेना. आंटींना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "फोनवर नाय सांगनार. रविवारी ये, वही घेऊन."

म्हणजे पुन्हा गुंदवली आणि पुन्हा रिक्षा. मी बाबांना कळवलं, रविवारपर्यंत थांबा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्यांच्या. आईनं याआधी कधी त्यांच्याकडे मराठी शब्द मागितल्याचं मला तरी आठवत नाही.