बाईंच्या गाडीतला दुसरा ब्रेक

सुनेनं बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सून नव्हती, गाडी शिकायला आलेली मुलगी होती. स्टिअरिंग गच्च धरलेलं, अंग घामानं भिजलेलं. समोरून बस आली आणि तिची बोबडीच वळली. शेजारी बसलेल्या बाई मात्र शांत. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाईंचा पाय त्यावर अलगद टेकलेला होता, पण त्यांनी तो दाबला नाही. मुलीनं कशीबशी गाडी कडेला घेतली.

"दाबला का नाहीत, बाई?"

"तू सावरत होतीस ना! मग मी कशाला मध्ये येऊ? हातातून गेलंय असं दिसलं असतं, तर दाबला असता."

पुढे बाईंच्या मुलाशीच तिचं लग्न जमलं. 'आई' म्हणायला जीभ वळेना, म्हणून बाई त्या बाईच राहिल्या.

काही वर्षांनी सासरे दवाखान्यात दाखल झाले. डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि "मला घरी न्या" हे सासऱ्यांनी शुद्धीत असतानाच सांगितलं होतं. पण घरी नेताय का असं डॉक्टरांनी विचारलं की मुलगा म्हणायचा, "अजून एक उपाय करून बघू." शेवटी नळ्यांच्या गराड्यातच त्यांचा श्वास थांबला. बाई मुलाला त्यावरून एक शब्दही बोलल्या नाहीत. वर्ष सरल्यावर मात्र त्यांनी सुनेला एकटीला गाठून एक गोष्ट विचारली. सून हो म्हणाली, पण एका अटीवर: "ह्यांना तुम्ही सांगायचं, माझ्यासमोर."

म्हणून वकिलीणबाईंकडे निघताना बाईंनी दोघांनाही शिकवणीच्याच गाडीत घातलं. मुलगा शेजारी, सून मागे. स्टिअरिंग अर्थातच बाईंच्या हाती.

"वैद्यकीय इच्छापत्र करतेय," भाजी काय आणायची ते सांगावं तशा त्या म्हणाल्या. "बरी होणारच नसेन तर मला यंत्रांवर ताटकळत ठेवायचं नाही. दुखणं कमी करायचं आणि घरी आणायचं. मला बोलता येईनासं झालं, तर डॉक्टरांशी माझ्या वतीनं ही बोलेल."

मुलाचा पाय खाडकन त्याच्या बाजूच्या ब्रेकवर गेला. गाडी भर रस्त्यात थांबली आणि मागे हॉर्नचा एकच गलका उसळला.

"मी काय मेलोय? पोटचा पोरगा शेजारी बसलाय तुझ्या!"

"पोटचा आहेस म्हणूनच. आधी पाय काढ. लोक शिव्या माझ्या ड्रायव्हिंग स्कूलला घालतायत."

बाईंनी गाडी कडेला लावली. मागून सून हळूच म्हणाली, "बाई, ह्यांना मान्य नसेल तर मला नको. तुमचा शब्द मी पाळेन, आणि तुम्हाला मारलं म्हणून जन्मभर घरात माझ्याकडेच बोट दाखवलं जाईल."

बाई मुलाकडे वळल्या. "बाबांच्या वेळी तू चुकलास असं मी म्हणत नाही. तुला ते झेपलं नाही. मलाही झेपलं नसतं, म्हणून मी गप्प बसले. ते ओझं पुन्हा तुझ्या डोक्यावर नको. तू माझा हात धरून बस. ते काम हिला जमायचं नाही, हिचे हात बर्फासारखे गार."

सुनेला हसू आवरेना. मुलानं नाक पुसलं.

"आणि ही चुकली तर?"

"चुकली तर चुकली. तिला पुढे बोल लावायचा नाही, हे इथंच कबूल कर. नाहीतर मी गाडी मागे फिरवते."

मुलगा मागे वळला. "घाई नाही ना करणार तू?"

"त्या सावरत असतील तोवर मध्ये येणार नाही," ती म्हणाली. "मला बाईंनीच शिकवलंय."

मुलानं दोन्ही पाय ब्रेकपासून लांब, सीटखाली ओढून घेतले. "चल, आई. वकिलीणबाई खोळंबल्या असतील."

सह्या झाल्या. एक प्रत डॉक्टरांकडे गेली, एक सुनेकडे, आणि बाईंनी आग्रहानं एक मुलाच्या हातात दिली.

बाईंनी आता सत्तरी ओलांडली आहे. तब्येत ठणठणीत. सध्या रोज सकाळी त्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना गाडी मागे घ्यायला शिकवतात, आणि ते काही केल्या आरशात बघत नाहीत.