कुंदाचा महिन्यातला एक तास

कुंदा गेली त्या दिवशी तिच्या भुवया ताज्या कोरलेल्या होत्या. आदल्याच दिवशी ती पार्लरमध्ये जाऊन आली होती. मी सकाळी भाजी आणायला ठाकुर्लीला गेलो होतो. आमच्या डोंबिवलीपेक्षा तिथे भाजी थोडी स्वस्त मिळते आणि तेवढंच चालणंही होतं. मेथीची जुडी हातात होती तेवढ्यात शेजारच्या प्रमिलाताईंचा फोन आला. "भाऊ, असाल तिथून रिक्षा करा आणि हॉस्पिटलात या." मी रिक्षा करत नाही हे आमच्या सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. प्रमिलाताई मला रिक्षा करायला सांगतायत म्हटल्यावर पुढचं काही विचारायची गरज राहिली नाही... हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. हार्ट अटॅक होता, फार वेळ त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. चेहऱ्यावरची चादर बाजूला केली तेव्हा त्या दोन नीट, सारख्या रेघा दिसल्या आणि मला तिचा राग आला. एवढी व्यवस्थित होऊन, मला काही न सांगता गेलीच कशी, असा काहीतरी वेडा राग. तो उतरायला बरेच दिवस लागले.

आता दोन महिने होत आले. भेटायला येणारी माणसं हटकून म्हणतात, "काकू किती टापटीप राहायच्या." मी मान डोलावतो. त्यांना काय सांगणार, की आमच्या संसारात भांडण असं एकच होतं आणि ते या टापटिपीवरूनच होतं.

मी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, खरेदी खात्यात नोकरी केली. तीन ठिकाणचे भाव मागवल्याशिवाय सुतळीचं बंडलसुद्धा घ्यायचं नाही, ही आमच्या खात्याची रीत. ती मी घरीही आणली. लोक मला चिकट म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण खरं सांगायचं तर काटकसरीत कुंदा माझ्या दोन पावलं पुढे होती. लग्नानंतर आम्ही दिव्याला भाड्याच्या खोलीत राहायचो. पाण्याची तिथे कायम बोंब. तांदूळ धुतलेल्या पाण्यात ती भांडी विसळायची आणि ते पाणी पुन्हा मोरीसाठी ठेवायची. जुन्या साड्यांचे परकर, परकरांची पायपुसणी, साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवलेला. डोंबिवलीतला हा फ्लॅट झाला तो माझ्या पगारापेक्षा तिच्या या राहणीमुळे. म्हणूनच ती पार्लरला जायला लागली तेव्हा मला आधी ते खरंच वाटेना.

आमची अश्विनी शाळेत जायला लागल्यावर कुंदाने घरी शिवणाचे क्लास सुरू केले होते. त्याच सुमारास आमच्याच गल्लीत, तळमजल्याच्या एका खोलीत शिल्पा नावाच्या मुलीने पार्लर थाटलं. शिल्पा नुकती कोर्स करून आलेली, हातात कला, गिऱ्हाईक नाही. कुंदा एकदा गेली, पुढच्या महिन्यात पुन्हा गेली, आणि मग दर महिन्याला एक दुपार तिचीच झाली. पैसे ती स्वतःच्या क्लासचे द्यायची, त्यामुळे मला तसं तोंड नव्हतं. पण घरातून पैसा जातोय आणि मी गप्प बसलोय, हे माझ्या स्वभावात बसेना. मी रीतसर तीन पार्लरचे भाव काढले. पुरुषांना आत सोडत नाहीत, म्हणून मी दाराशी उभा राहून विचारायचो. एका ठिकाणी तर आतून आवाज आला, "कोणासाठी हवंय, स्वतःसाठी का?" आणि पडद्यामागे सगळ्या बायका हसल्या. तरी मी भाव आणले. रात्री जेवताना कुंदाला सगळं वाचून दाखवलं, कुठे भुवया स्वस्त, कुठे फेशियल, आणि या दोन्हींशिवाय आपल्या आया-आज्यांचं कसं छान चाललं होतं. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. माझ्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "अहो, बाकी सगळीकडे तुमचं ऐकते ना? मग तेवढं सोडून बोला."

त्यानंतर हे तिचं ठरलेलं उत्तर झालं. ती चिडायची नाही, पटवूनही द्यायची नाही. मी मात्र हार मानली नाही. एका हिवाळ्यात घरात आलेल्या सगळ्या संत्र्यांच्या साली मी गच्चीवर वाळवल्या, कुटल्या, कल्याणच्या बाजारातून मुलतानी माती आणि चण्याचं पीठ घाऊक भावात आणलं आणि चांगला मोठा डबाभर लेप तयार केला. म्हटलं, घे, वर्षभराचं फेशियल. तिने डबा घेतला, कौतुक केलं, आणि दोन दिवसांनी आमच्या देवघरातली तांब्याची भांडी अशी काही लखलखायला लागली की विचारू नका. मी विचारलं, "चिंच आणलीस का?" तर म्हणाली, "तुमचाच लेप. फार गुणाचा आहे हो."

गंमत म्हणजे हीच बाई लेकीच्या पार्लरला नाकं मुरडायची. अश्विनी लग्न होऊन ठाण्याला गेली, तिथल्या मोठ्या सलूनमध्ये जायला लागली. एकदा तिने आईला वाढदिवसाची भेट म्हणून बरोबर नेलं. कुंदा परत आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "एवढ्या पैशांत माझं वर्ष निघेल," म्हणाली. "आणि ती मुलगी सारखी बोलत होती. हे लावू का मॅडम, ते लावू का मॅडम." अश्विनी फोनवर म्हणाली, "आई, तू पैसेच बघतेस. बाबांसारखी झालीस." मला त्यात माझा विजय दिसला, आणि मी लगेच म्हटलं, मग आता शिल्पाकडचंही बंद करू या. पुढच्या महिन्यात कुंदा ठरल्या दुपारी शिल्पाकडे गेली.

निवृत्त झाल्यावर मी पूर्ण वेळ घरी आलो आणि हा विषय माझ्या अधिकच डोळ्यांवर आला. आता ती जाताना दिसायची आणि येतानाही दिसायची. मी नीट निरखून पाहायचो. भुवया सोडल्या तर चेहऱ्यात काही फरक नाही. एकदा म्हटलंसुद्धा, "एवढा तासभर जाऊन उजळलीस कुठे?" ती म्हणाली, "मी कुठे उजळायला जाते?" "मग कशाला जातेस?" त्यावर ती चपला काढता काढता हसली, आणि पुढे तेच, तेवढं सोडून बोला. तिथून येताना ती कायम अशी जरा हलकी दिसायची, हे मात्र आता लिहिताना जाणवतंय. तेव्हा मी भुवयाच बघत बसलो. शेवटी ठरवलं की बंद होत नाही तर निदान भाव तरी नीट लावू. मी शिल्पाच्या दाराशी जाऊन घासाघीस केली. शिल्पा म्हणाली, "काका, वर्षाचे एकदम भरता का? दोन महिने फ्री करते." व्यवहार ठरला. दरवर्षी ते पैसे मीच नेऊन भरायला लागलो, आणि ही आपण काढलेली सर्वांत चांगली सवलत असं चारचौघांत सांगायचो.

कुंदाचे दिवसवार झाल्यावर एका दुपारी मला आठवलं की या वर्षाचे काही महिने अजून उरलेत. अश्विनी म्हणाली, "बाबा, जाऊ दे ना ते पैसे." मी म्हटलं, भरलेले आहेत. आणि गेलो. पार्लरवर बायकांचं पार्लर अशी पाटी आहे, मी इतक्या वर्षांत उंबरठा ओलांडला नव्हता. शिल्पा एकटीच होती. तीही आता पन्नाशीला आली. मला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काही बोलायच्या आधीच तिने खण उघडला आणि नोटा काढल्या. या पैशांसाठी मी आलोच नव्हतो, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

मी म्हटलं, "ठेव ते. मला एवढंच सांग, त्या तासात तू नेमकं काय करायचीस? आयुष्यभर मी भाव करत राहिलो, माल काही पाहिला नाही."

तिने नोटा परत खणात ठेवल्या. मग म्हणाली, "बसा काका." मला खुर्चीत बसवून तिने खुर्चीची पाठ मागे कलती केली. वर पंखा हळू फिरत होता. बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत होता, पण आत ते लांबून आल्यासारखं वाटत होतं. तिने गरम पाण्यात पिळलेला टॉवेल माझ्या कपाळावर ठेवला. मी वाट बघत होतो, आता क्रीम येईल, मग मसाज. काहीच आलं नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही काका. काकू झोपायच्या."

"आणि फेशियल?"

"पहिली काही वर्षं केलं. मग त्याच बोलल्या, भुवया कर आणि उरलेला वेळ मला पडू दे. मी म्हटलेलं, मग पैसे कमी घेते. तर नाही म्हणाल्या, तुझी खुर्ची अडते ना. बसल्या बसल्या झोप लागायची त्यांना. मी मोबाइलपण बंद ठेवायचे."

"अगं, पण घरी पलंग आहे," मी म्हणालो. खुर्चीत आडवा पडून, कपाळावर टॉवेल घेऊन, मी हे बोलत होतो. "दोन खोल्यांत दोन पलंग आहेत."

"मी पण तेच बोललेले एकदा. हसल्या. म्हणाल्या, घरी डोळा लागला की हाक येते गं."

कोणाची हाक, हे मी विचारलं नाही. अश्विनी सासरी गेल्यापासून त्या घरात आम्ही दोघंच होतो.

उरलेले महिने झोपेला आलेल्या एखाद्या बाईला दे, असं शिल्पाला सांगून मी घरी आलो. जिन्यातच हाका आठवायला लागल्या. अगं, चष्मा कुठाय. अगं, दार वाजतंय बघ. अगं, पाणी आलं का. वाईट मनाने मारलेली एकही नव्हती. तिच्याशिवाय मला काही सापडायचं नाही, एवढंच. पहाटे नळाला उठणारी, दुपारी क्लास घेणारी ती बाई मला दिवसा आडवी झालेली आठवत नाही, आणि ते मला कधी खटकलंही नव्हतं. बरं, तिने सांगितलं असतं तर? काय झालं असतं तेही मला माहीत आहे. दुपारी तासभर हाक मारायची नाही असा मी नियम केला असता, आणि तो पाळतोय हे दर पंधरा मिनिटांनी तिला उठवून सांगितलं असतं. तिने माझा स्वभाव ओळखून स्वतःपुरता मार्ग काढला, पैसे मोजून काढला आणि मला न दुखवता काढला. हिशेबाची सवय जात नाही म्हणून मी पुन्हा सगळा खर्च मांडून पाहिला. तिला ते महाग पडलं नाही. पण घरच्या घरी, फुकटात, मला देता येण्यासारखं होतं ते... आणि त्यासाठी मी तिला वर्षाचा भाव ठरवून दिला. याचं मला फार वाईट वाटतं, आणि थोडं हसूही येतं, कारण हे ऐकून ती नक्की हसली असती.

परवा दुपारी बँकेचं पासबुक सापडेना. कपाट झालं, टेबलाचा खण झाला, गादीखाली झालं. शेवटी आतल्या खोलीकडे तोंड करून मी म्हणालो, "अगं..." आणि थांबलो. गेले दोन महिने अशी हाक निघाली की ती आता नाही, असं मी स्वतःला बजावत असे. परवा तसं बजावलं नाही. म्हटलं, झोपली असेल. आतल्या खोलीचं दार आवाज न करता लोटून घेतलं, आणि पासबुक माझं मीच शोधत बसलो.